गायकाच्या माइकमध्ये सिम्बल्सच जास्त: मेटल बँडचा लाइव्ह अल्बम रेकॉर्ड करण्याआधी मंचावर काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. म्हापशाचा पाच जणांचा मेटल बँड: दोन गिटार, बास, ड्रम आणि प्रश्न विचारणारे स्वतः गायक. डिसेंबरात फोंड्याच्या एका सभागृहात लागोपाठ दोन संध्याकाळी कार्यक्रम आहे. साडेतीनशे-चारशे लोक येतील, 32 चॅनेलचा डिजिटल मिक्सर भाड्याने येणार आहे, आणि त्यातून लाइव्ह अल्बम काढायचा आहे. मागच्या वेळी रेकॉर्ड केलं तेव्हा गाण्याच्या ट्रॅकवर शब्दांपेक्षा क्रॅशच (ड्रमसेटवरचा मोठा सिम्बल, म्हणजे झांज) मोठा होता. आवाज वर काढला की तोही वर यायचा. म्हणून विचारलंय की कुठला माइक घ्यावा, आणि नाहीच जमलं तर सगळं गाणं स्टुडिओत परत गाऊन घ्यावं का.

माइक बदलून यातला थोडाच भाग सुटेल, म्हणून खरी अडचण आधी नीट मांडतो. गायकाच्या माइकवर तुमचा आवाज आणि बाकी मंचाचा गोंगाट यांचं जे प्रमाण पडतं, ते गाण्याच्या त्या क्षणीच ठरतं. नंतर फेडर (मिक्सरवरची पातळीची सरकपट्टी) वर केला तर दोन्ही वर जातात. कॉम्प्रेसर लावला तर सिम्बल्स जास्तच वर येतात, कारण कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो आणि मग सगळी पातळी उचलावी लागते. किंचाळीवर 10 डीबी (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) दाबून तेवढीच पातळी भरून काढली की दोन ओळींच्या मधल्या जागेतला सगळा ब्लीड (माइकात शिरलेला इतरांचा आवाज) 10 डीबीने वर आला. हल्ली आवाज वेगळा काढून देणारी सॉफ्टवेअर मिळतात आणि साध्या सुरेल गाण्यावर ती बरी चालतात. पण ग्राउल (घशातून काढलेली गुरगुर) आणि किंचाळीचा पोत सिम्बलच्या जवळचा असतो, सूर कमी आणि खरखर जास्त. तिथे सॉफ्टवेअर गोंधळतं आणि सिम्बलबरोबर तुमच्या आवाजाचेही लचके तोडतं. तेव्हा लाइव्ह अल्बमचं निम्मं मिक्सिंग मंचाच्या मांडणीत होतं असं धरून चाला.

आता मंचावर उभे आहात अशी कल्पना करा. तुमचं तोंड प्रेक्षकांकडे, म्हणजे माइकची जाळी तुमच्याकडे. जाळी ज्या दिशेला बघते ती रेघ तुमच्या डोक्यामागे वाढवत नेली तर ती थेट ड्रमसेटवर जाते. माइक सर्वांत जास्त जिथून ऐकतो नेमका तिथेच क्रॅश टांगलेला आहे. तुम्ही गात असता तेव्हा डोकं आणि खांदे मध्ये येतात, थोडी आड होते. पण ओळ संपली, माइक छातीशी आला किंवा डोकं हलवायला तुम्ही वाकलात, की मध्ये काहीच उरत नाही. मागच्या रेकॉर्डिंगमध्ये ओळींच्या मध्ये सिम्बल्स उसळून आलेले ऐकू येत असतील, तर कारण हेच आहे.

ड्रम थोडा बाजूला सरकवून भागेल असं वाटतं, पण आकडे बघा. साधा कार्डिऑइड माइक (मुख्यतः समोरून ऐकणारा) 45 अंशावरून येणारा आवाज जेमतेम दीड डीबी कमी करतो. 60 अंशावर अडीच डीबी. 90 अंशावर, म्हणजे ड्रम तुमच्या अगदी बगलेला असेल तेव्हा, 6 डीबी. सुपरकार्डिऑइड (त्याहून अरुंद कोनातून ऐकणारा) 90 अंशावर साधारण साडेआठ डीबी कमी करतो, पण 60 वर त्याचाही फायदा तीन-सव्वातीनच. म्हणून ड्रम मधोमधपासून हातभर सरकवण्यात अर्थ नाही. एक तर सेट मंचाच्या एका कडेला आडवा लावा आणि तुम्ही दुसऱ्या बाजूला पुढे उभे राहा, नाही तर मधोमधच ठेवा आणि अंतर वाढवा. मेटल बँडला ड्रम मधोमध, उंचावर हवा असतो, ते मला समजतं. मग अंतर हाच उपाय. ड्रमपासून 2 मीटरवर उभे असाल तर 4 मीटरवर या. मोकळ्या जागेत 6 डीबी कमी झाले असते, सभागृहात भिंतींमुळे तीन-चार मिळतील. तेवढ्यानेही मिक्स करणाऱ्याचं काम बरंच हलकं होतं.

याहून मोठा फायदा तुमच्या स्वतःच्या हातात आहे आणि त्याला खर्च शून्य. ओठ जाळीपासून 3 सेंटीमीटरवर आहेत असं धरा. तेच 6 वर गेले की आवाज ढोबळमानाने 6 डीबी पडतो, 12 वर गेले की 12 डीबी. सिम्बल्स मात्र आहेत तिथेच राहतात. उंच सुराला माइक लांब न्यायची सवय पुष्कळ गायकांना असते, विशेषतः ज्यांनी शास्त्रीय किंवा नाट्यसंगीताच्या बैठकीत माइक वापरलाय त्यांना. तिथे ते बरोबर आहे. पाठीमागे डबल बास पेडल (दोन्ही पायांनी वाजवलेला किक ड्रम) चालू असताना ते घातक आहे. लाइव्ह अल्बमसाठी ओठ जाळीला जवळजवळ टेकलेले ठेवा आणि जोर-हळूचा सगळा हिशेब मिक्स करणाऱ्यावर सोडा. फार जवळून गायल्यावर खर्ज फुगतो, पण ते 100-120 हर्ट्झला हाय-पास (खालचे सूर कापणारा फिल्टर) लावून सहज कापता येतं.

दुसरी सवय म्हणजे जाळी मुठीत धरणं. मेटलमध्ये हे इतकं रुळलंय की चुकीचं वाटतच नाही. पण जाळीच्या खालच्या बाजूला आणि मानेपाशी ज्या फटी असतात, त्यांच्यामुळेच माइक एका दिशेने ऐकतो. मूठ आवळून त्या बंद केल्या की तो जवळजवळ चारही बाजूंनी ऐकू लागतो. शिवाय 1 ते 2 किलोहर्ट्झच्या आसपास नाकातून आल्यासारखा फुगवटा तयार होतो आणि मॉनिटर (तुम्हाला ऐकू यावं म्हणून मंचावर ठेवलेला स्पीकर) शिटी मारू लागतो. ग्राउलला यामुळे जाडी आल्यासारखी वाटते, ती जाडी म्हणजे हाच फुगवटा. मूठ दांड्याच्या मध्यावर आणा. घरी फोनवर दोन्ही प्रकारे एकच ओळ रेकॉर्ड करून ऐका, मागे स्पीकरवर ड्रमचा ट्रॅक चालू ठेवून. फरक लगेच कळेल. सराव आत्तापासून करा, कार्यक्रमाच्या दिवशी हात आपोआप जुन्या जागी जातो.

आता माइक. वर सांगितलेलं सगळं केलंत तर शुअरचा साधा एसएम 58 पुरतो. सुपरकार्डिऑइड, म्हणजे बीटा 58ए सारखा, घेतलात तर थोडं आणखी मिळतं. मात्र मॉनिटरची जागा बदलावी लागते. कार्डिऑइड सर्वांत कमी ऐकतो तो बरोबर मागच्या टोकाला, तेव्हा वेज (जमिनीवरचा तिरका मॉनिटर) तुमच्या समोर चालतो. सुपरकार्डिऑइडचा बहिरा कोन मागच्या टोकाला नसून समोरून मोजला तर 126 अंशांच्या आसपास असतो, म्हणून एक वेज समोर ठेवण्यापेक्षा दोन वेज डावी-उजवीकडे ठेवावे लागतात. भाड्याचे मॉनिटर लावणारी मुलं हे विचारात घेत नाहीत, तुम्ही सांगा. हातातला कंडेन्सर (जास्त संवेदनशील प्रकारचा माइक) मात्र घेऊ नका. त्याला वरचे सूर छान ऐकू येतात, म्हणजेच तुमचे सिम्बल्सही. आणि दोन्ही रात्री केबलचाच माइक वापरा. भाड्याच्या जुन्या वायरलेस सेटमध्ये आवाज दाबून पाठवून पुन्हा पसरवण्याची जी व्यवस्था असते, ती किंचाळीवर दम लागल्यासारखी धापा टाकते, आणि तो दोष रेकॉर्डिंगमधून काढता येत नाही.

शक्य असेल तर वेज काढूनच टाका आणि इन-इअर (कानात घालायचे मॉनिटर) वापरा. मंचावरचा आवाज बराच उतरतो आणि वेजला ओरडून हरवायची गरज नसल्यामुळे तुमचा गळाही दुसऱ्या रात्रीपर्यंत टिकतो. कानात पूर्ण बंदिस्त वाटतं ही तक्रार खरी आहे. त्यासाठी प्रेक्षकांकडे तोंड केलेल्या माइकचा थोडा आवाज कानात सोडायचा. पण कार्यक्रमाच्या दिवशी पहिल्यांदा इन-इअर लावू नका. निदान चार तालमी त्यावर व्हायला हव्यात.

गिटारवाल्यांशी बोलणं जरा अवघड असतं. बारा इंचांच्या चार स्पीकरची कॅबिनेट मंचावर पूर्ण आवाजात असेल तर तिचा झोत तुमच्या पाठीवरून सरळ माइकात येतो. कॅबिनेट मंचाच्या कडेला आत तोंड करून आडव्या लावा, म्हणजे झोत मंचाच्या आरपार जाईल, माइकच्या रेघेत येणार नाही. किंवा पडद्यामागे ठेवा. मॉडेलर (कॅबिनेटच्या आवाजाची नक्कल करणारं यंत्र) असेल तर कॅबिनेटची गरजच नाही. काही झालं तरी प्रत्येक गिटारचा एक कोरा डीआय ट्रॅक (थेट गिटारमधून घेतलेला सिग्नल) घ्याच. नंतर टोन आवडला नाही तर तोच सिग्नल पुन्हा अ‍ॅम्पमधून काढता येतो. ड्रमरला सिम्बल्स हळू वाजवायला सांगून काही होत नाही, पण क्रॅशचे स्टँड दहा-पंधरा सेंटीमीटर वर किंवा खाली करून, त्यांचा सपाट भाग थेट तुमच्याकडे रोखलेला राहणार नाही असा कल देता येतो. अ‍ॅक्रिलिकचा पडदा लावणार असाल तर ड्रमच्या पाठीमागे जाड पडदे किंवा गाद्याही लागतील. नाही तर अ‍ॅक्रिलिकवर आपटलेला आवाज मागच्या भिंतीवर जाऊन वरून पुन्हा पुढे येतो.

इथे सभागृहावर बरंच अवलंबून आहे, म्हणून ठाम सांगत नाही. मडगावचं रवींद्र भवन किंवा फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर अशी ठिकाणं नाटक-तियात्रासाठी बांधलेली आहेत. मंचावर पडदे, विंगा, समोर गादीच्या खुर्च्या. आवाज पटकन विरतो, रेकॉर्डिंगला सोपं. पंचायतीचा किंवा एखाद्या संस्थेचा बहुउद्देशीय हॉल असेल, उघडं काँक्रीट, लाद्या आणि वर पत्रे, तर घुमारा दोन-दोन सेकंद चालतो आणि डबल बासचे ठोके एकमेकांत मिसळून नुसती गुरगुर राहते. तिथे मागची भिंत जाड कापडाने झाकणं आणि पीएचे (हॉलमधल्या लोकांसाठीचे) स्पीकर भिंतीकडे न रोखता लोकांच्या डोक्यांवर झुकवणं, एवढं तरी करा. रिकाम्या हॉलमध्ये एकदा जोरात टाळी वाजवा. तिचा ताणलेला पडसाद ऐकू आला तर कापडाची सोय आधीच करून ठेवा. डिसेंबर निवडलात ते चांगलं केलंत. पावसाळ्यात पत्र्यावरचा पाऊस प्रेक्षकांच्या माइकमध्ये भरून राहतो आणि दमट हवेत कंडेन्सर माइक चिडचिडतात. डिसेंबरातही एसी हॉलमधून बाहेर काढलेला किंवा थंड गाडीतून आणलेला कंडेन्सर लगेच जोडू नका, तासभर पेटीतच राहू द्या, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

आता रेकॉर्डिंगची साखळी. बहुतेक भाड्याच्या डिजिटल मिक्सरवर माइक प्रीअँपच्या (माइकचा सिग्नल वाढवणारा पहिला टप्पा) लगेच पुढून, म्हणजे इक्यू (खालचे-वरचे सूर कमी-जास्त करणारी व्यवस्था) आणि कॉम्प्रेसरच्या आधी, सिग्नल घेता येतो. तिथूनच घ्या. हॉलसाठी साउंडवाला गायनावर 2 किलोहर्ट्झला खोल खड्डा पाडेल, त्याच्या गरजेसाठी ते बरोबर असेल, पण तो खड्डा अल्बमात नको. गेन (प्रीअँपवर सिग्नल किती वाढवायचा ते) मात्र हॉल आणि रेकॉर्डिंग दोघांचा एकच असतो, आणि बिघाड नेमका इथे होतो: मध्येच कुणीतरी गेन फिरवतो आणि चौथ्या गाण्यापासून तुमच्या ट्रॅकची पातळी बदलते, किंवा किंचाळीवर क्लिप होते (टोक कापलं जाऊन आवाज फाटतो). म्हणून साउंड चेकला तुमची सर्वांत मोठी किंचाळी, खरीखुरी, थकलेली नव्हे, माइकात द्या आणि तिचं टोक उणे 10 डीबीएफएसच्या (इथे शून्य म्हणजे डिजिटल कमाल पातळी) आसपास राहील असा गेन लावा. लोक आल्यावर तुम्ही आणखी चार-पाच डीबी जोरात गाणारच, त्यासाठी ही जागा. 24 बिटमध्ये कमी पातळीवर रेकॉर्ड केल्याने काही बिघडत नाही. त्यानंतर गेनला हात नाही, फक्त फेडर.

जागेचा हिशेब: 32 चॅनेल, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट म्हणजे सेकंदाला सुमारे 4.6 एमबी, तासाला साडेसोळा जीबी. काही मिक्सर कार्डावर 32 बिटमध्ये लिहितात, तिथे तासाला 22 जीबी. साउंड चेक धरून एका रात्रीचे तीन तास मोजा आणि त्यानुसार कार्डं किंवा एसएसडी घ्या. एकाच जागी रेकॉर्ड करू नका. मिक्सरच्या कार्डावर आणि यूएसबीवरून लॅपटॉपवर असं दोन्हीकडे घेता येत असेल तर दोन्हीकडे. तसं जमत नसेल तर दुसरा रेकॉर्डर स्वतंत्र लावा, त्यावर निदान गायन, किक, स्नेअर, दोन ओव्हरहेड (ड्रमच्या वरचे माइक), दोन्ही गिटार, बास आणि प्रेक्षक एवढे तरी ट्रॅक हवेत. लॅपटॉपचं वायफाय बंद, झोपी जाण्याची सेटिंग बंद, अँटिव्हायरस बंद, बफर 1024. प्लगइन एकही नाही. कार्यक्रम संपल्यावर केबल गुंडाळायच्या आधी दुसऱ्या डिस्कवर प्रत काढा, आणि ती डिस्क वेगळ्या माणसाच्या गाडीतून घरी जाऊ द्या.

वीज हा आपल्याकडचा वेगळा विषय. वीज गेली आणि जनरेटर चालू होईपर्यंत दहा सेकंद गेले तर गिटार अ‍ॅम्प परत सुरू होतात, पण मिक्सर पुन्हा बूट होतो आणि चालू रेकॉर्डिंगची फाइल अर्धवट राहू शकते. मिक्सर, स्टेजबॉक्स (मंचावरच्या केबल जोडायचा डबा) आणि रेकॉर्डर यांना यूपीएसवर घ्या. बाकी कशालाही त्या यूपीएसवर जागा देऊ नका. दिव्यांचे डिमर आणि आवाजाची उपकरणं वेगवेगळ्या फेजवर ठेवायला सांगा आणि आवाजाचं सगळं एकाच अर्थिंगवर आणा. 50 हर्ट्झची घरघर आली म्हणून कुणी प्लगची अर्थची पिन काढू बघेल, ते अजिबात करू देऊ नका. एका हातात माइक, दुसऱ्या हातात गिटार आणि घामाने भिजलेलं अंग, यात माणूस मरू शकतो. घरघर काढायला डीआयवरचा ग्राउंड लिफ्ट किंवा ट्रान्सफॉर्मर वापरायचा.

प्रेक्षकांचे माइक पुष्कळ जण शेवटी आठवलं म्हणून लावतात आणि मग अल्बम बंद खोलीतल्या तालमीसारखा वाटतो. निदान चार हवेत. दोन मंचाच्या पुढच्या कोपऱ्यांवर, पीएच्या पाठीमागच्या रेषेत, तोंड लोकांकडे. दोन मिक्सरपाशी किंवा छतापासून टांगलेले. पुढच्या जोडीत ओरडणारे चेहरे ऐकू येतात, मागच्या जोडीत हॉल. एसीच्या झोताखाली, पंख्याजवळ किंवा कँटीनच्या दारापाशी लावू नका. माइक डोक्यांपासून दोन-अडीच मीटर उंच असावा, नाही तर एकच शिटीबहाद्दर अख्ख्या अल्बमभर ऐकू येईल. आवाज हवेत मीटरमागे सुमारे 2.9 मिलिसेकंद घेतो, म्हणजे मंचापासून 17 मीटरवरच्या माइकमध्ये स्नेअर जवळजवळ 50 मिलिसेकंद उशिरा येतो. ही दरी तशीच ठेवली तर ठोका दुहेरी ऐकू येतो. साउंड चेकला स्नेअरचा एकच सुटा ठोका रेकॉर्ड करून ठेवा. मिक्सच्या वेळी मागचे ट्रॅक तेवढे पुढे ओढता येतात.

गाण्यांचा क्रमही रेकॉर्डिंगचा भाग आहे. सर्वांत उंच सुरांची गाणी सुरुवातीला नकोत, गळा तापलेला नसतो. शेवटी नकोत, तोवर तो संपलेला असतो. तिसऱ्यापासून सहाव्या गाण्यापर्यंतची जागा त्यांची. दोन्ही रात्री क्रम, ट्युनिंग आणि मेट्रोनोमचा वेग एकच ठेवा, म्हणजे एका रात्रीचा अंतरा दुसऱ्या रात्रीत बसू शकतो. माइक स्टँडची आणि कॅबिनेटची जागा जमिनीवर टेपने आखून ठेवा. आयर्न मेडनने 1985 चा 'लाइव्ह आफ्टर डेथ' लाँग बीचला लागोपाठ चार रात्री रेकॉर्ड केला होता, आणि त्यातला काही भाग लंडनच्या हॅमरस्मिथ ओडिऑनमधलाही आहे. दोन रात्री तुमच्याकडे आहेत त्या पुरेपूर वापरा. आणि संपूर्ण बँडला एक सांगा: गाणं संपलं की शेवटचा सूर पूर्ण विरू द्या, त्यानंतर पाच-सहा सेकंद कुणी गिटार छेडायची नाही, ट्युनर लावायचा नाही, बोलायचं नाही. टाळ्यांचा तो कोरा तुकडा असला तरच दोन रात्री एकमेकींना जोडता येतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न, स्टुडिओत परत गावं का. ज्युडास प्रीस्टच्या टोकियोत रेकॉर्ड झालेल्या 1979 च्या 'अनलीश्ड इन द ईस्ट' या अल्बमचं गायन नंतर स्टुडिओत केलं होतं हे रॉब हॅलफर्डने पुढे स्वतः मान्य केलंय, आणि तो अल्बम आजही लोक प्रेमाने ऐकतात. म्हणजे यात लाज नाही. पण अडचण वेगळीच आहे. तुमचा मूळ आवाज फक्त तुमच्या ट्रॅकवर नसतो; तो ड्रमच्या ओव्हरहेडमध्ये असतो आणि प्रेक्षकांच्या चारही माइकमध्ये पीएतून आलेला असतो. स्टुडिओत नवी ओळ गायलात की जुनी ओळ मागे भुतासारखी ऐकू येते, थोडी बेसूर, थोडी मागे-पुढे. सूर दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरचंही तेच. 20-25 सेंटपर्यंतची (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) दुरुस्ती खपते, त्यापुढे दोन गायक गातायत असं वाटायला लागतं.

यावर माझा नेहमीचा उपाय असा: दोन्ही दिवशी दुपारच्या साउंड चेकला अवघड गाणी पूर्ण वाजवायची, पीए चालू ठेवून, आणि ती रेकॉर्ड करायची. तोच माइक, तीच जागा, तेच सिम्बल्स मागे. फसलेली ओळ तिथून उचलली तर ब्लीडसकट जुळते. पण पूर्ण ताकदीने एकदाच गा, गळा संध्याकाळसाठी राखायचा आहे. दुसऱ्या रात्रीनंतर लोक गेल्यावर अर्धा तास हॉल मिळत असेल तर उरलेल्या दोन-तीन जागा तिथेच गाऊन घ्या. एवढं करून जी ओळ राहील ती तशीच सोडावी असं माझं मत आहे. किंचाळी फाटली आणि मागून चारशे लोकांनी ती उचलली, तर ती फाटलेलीच चांगली.

मिक्समध्ये गायनाच्या ट्रॅकवर गेट (पातळी खाली गेली की ट्रॅक बंद करणारी व्यवस्था) लावू नका. गेट बंद झाला की सिम्बल्सचा आवाज अचानक बदलतो आणि ओळ सुरू होताना पुन्हा उघडतो, हे कान लगेच पकडतो. त्याऐवजी ओळींच्या मधल्या जागा हाताने 8 ते 10 डीबी खाली ओढा, पूर्ण बंद न करता. कंटाळवाणं काम आहे, बारा गाण्यांना दोन दिवस जातात, पण याला पर्याय नाही. कॉम्प्रेशन एकाच यंत्रावर न टाकता दोघांत वाटा: पहिला जलद, 4:1, फक्त टोकं पकडणारा, दुसरा संथ, 2:1, दोन-तीन डीबीच. सिम्बल खुपत असतील तर 5 ते 8 किलोहर्ट्झमध्ये डायनॅमिक इक्यू लावा आणि तुम्ही गात नसतानाच तो दाबेल असं बघा. गिटारच्या बसवर (दोन्ही गिटार एकत्र आणणाऱ्या चॅनेलवर) 2 ते 4 किलोहर्ट्झमध्ये गायनाने चालणारी एक-दीड डीबीची जागा करून दिली की शब्द मोकळे होतात, तेवढ्यासाठी फेडर उचलावा लागत नाही. लांब रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) नको, हॉल प्रेक्षकांच्या माइकमध्ये आहेच. ओळीच्या शेवटच्या शब्दावर डिले (पडसाद) पुरतो. प्रेक्षकांचे ट्रॅक गाणं चालू असताना सहा-आठ डीबी खाली राहू द्या, 150 हर्ट्झखाली कापा, आणि शेवटच्या सुराबरोबर वर येऊ द्या. विकतच्या टाळ्या भरू नका. फोंड्यातले लोक कसे ओरडतात ते तुमच्या श्रोत्यांना ठाऊक आहे.

मास्टरसाठी फक्त दोन गोष्टी. पातळी उणे 9-10 लफ्सपर्यंत (कानाला जाणवणाऱ्या सरासरी जोराचं माप) पुरे, ट्रू पीक (सर्वांत उंच टोक) उणे 1. स्ट्रीमिंगवाले उणे 14 च्या आसपास सगळं सारखं करतात, त्याहून जास्त चेपून मिळत काही नाही, सिम्बल्स मात्र पिठासारखे होतात. आणि गाण्यांचे तुकडे पाडताना तुमचं बोलणं आधीच्या गाण्याच्या शेवटी ठेवा, म्हणजे कुणी एकच गाणं लावलं तर ते थेट सुरू होईल. सीडी काढणार असाल तर कट सीडीच्या फ्रेमच्या हद्दीवर, म्हणजे 44.1 किलोहर्ट्झला 588 नमुन्यांच्या पटीत पाडा. नाही तर दोन गाण्यांच्या सांध्यावर टाळ्यांत बारीक टिक ऐकू येतं.

परवानग्यांचं थोडक्यात. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. बंद सभागृहाला नियमात सूट असली तरी दारं-खिडक्या उघड्या असतील तर तिचा उपयोग नाही. शेवटचं गाणं पावणेदहाला संपेल असा क्रम लावा, म्हणजे उशीर झाला तरी जागा राहते. दुसऱ्याचं गाणं अल्बमात घेणार असाल तर हॉलमध्ये गाण्याचा परवाना वेगळा आणि रेकॉर्ड करून विकण्याचा वेगळा, हे लक्षात घ्या. दुसरा परवाना मिळायला वेळ लागतो, तेव्हा ते गाणं सलग टाळ्यांच्या मध्ये अशा जागी ठेवा की नंतर काढलं तरी खिंडार दिसणार नाही.

पहिल्या रात्रीनंतर सकाळी उठून पूर्ण रेकॉर्डिंग ऐकत बसू नका. फक्त गायनाचा ट्रॅक सोलो करून तीन गाणी ऐका: एक सुरुवातीचं, एक उंच सुरांचं, एक शेवटचं. ओळींच्या मध्ये सिम्बल तुमच्या आवाजाहून मोठा असेल तर दुसऱ्या रात्रीआधी मांडणी बदलायला अख्खी दुपार हातात आहे. मंचाची रुंदी-खोली, मिक्सरचं मॉडेल आणि ड्रमसेटवर किती सिम्बल्स आहेत एवढं इथेच लिहिलंत तर कोण कुठे उभं राहायचं आणि 32 चॅनेल कसे वाटायचे ते नेमकं सांगता येईल.